एका वाक्याची तालीम, ईडन प्रेरी

मी अमेरिका बघायला निघाले आहे, असा इचलकरंजीत आमच्या गल्लीचा समज होता. गल्लीनं हार घातला, नारळ दिला, "काकू, फोटो पाठवा" म्हणून बजावलं. मी मान हलवली. मान हलवणं हा माझा जन्माचा धंदा आहे. खरं तर मी निघाले होते लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. बॅगेत वेखंड, बाळंतशेपा, डिंक, जायफळ आणि सहाण. सहाण उचलून कुणी जग बघायला जात नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. म्हणून मी लिहिते हे कुणाला सांगत नाही. लोकांना आधी धक्का बसतो, मग ते कौतुक करतात, आणि कौतुकाला मी विंचवाइतकी घाबरते.

निघायच्या आधी कारखान्यात जाऊन आले. मी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या लाकडी कांडीवर सूत गुंडाळून देते. खिडकीजवळचं मशीन माझं. नवरा गेला त्या वर्षापासून मी तिथं बसते. मालक म्हणाले, "मावशी, गुढीपाडव्यापर्यंत जागा ठेवतो. पाडवा झाला की दुसरी बाई बसवणार. मग माझ्या नावानं रडायचं नाही." परतीचं तिकीट पाडव्याच्या आधीचंच होतं. मी मान हलवली.

विमानात शेजारी बसलेल्या गृहस्थानं मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत माझ्याशी एक शब्द काढला नाही. मला तो फार आवडला. न्यूयॉर्कला सामान तपासणाऱ्या साहेबानं माझी बॅग उघडली, वेखंडाचा तुकडा नाकाशी धरला, सणसणीत शिंकला आणि मला देशात घेतलं.

मिनियापोलिसच्या विमानतळावर लेक सुनंदा, जावई प्रकाशराव आणि आठ वर्षांची नात नेहा उभी होती.

"हाय आजी," नेहा म्हणाली.

"वाकून नमस्कार कर," सुनंदानं तिला कोपर मारलं.

"व्हाय?"

या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येईना, म्हणून आम्ही गाडीकडे निघालो.

ईडन प्रेरी हे गाव आहे असं म्हणतात. गाव म्हणजे जिथं माणसं दिसतात, असा माझा इतके दिवस समज होता. इथं घरं दिसतात, गवत दिसतं, गाड्या दिसतात. गाडीच्या आत माणूस असावा असा अंदाज करायचा. शेजारच्या दोन घरांमध्ये आमची अख्खी गल्ली मावेल एवढं अंतर, आणि तरी प्रकाशराव म्हणाले, "आई, इथं थोडं कंजेस्टेड (दाटीवाटीचं) आहे."

प्रकाशराव माणूस चांगला. सगळ्यालाच त्यांचं एक उत्तर, "नो प्रॉब्लेम, आई!" आमच्यात जावयासमोर बायका तोंड वर करून बोलत नाहीत. त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांना अडचण दिसत नव्हती आणि मला ती सांगता येत नव्हती.

त्यांनी मला अमेरिका दाखवली. एक मॉल (छपराखालचा बाजार) दाखवला, मग दुसरा, मग पहिल्याची दुसरी बाजू. नातू झाला. थंडी पडली. तळी गोठल्यावर एका रविवारी त्यांनी मला न सांगता गाडी थेट तळ्यावर घातली. बर्फाला भोक पाडून, त्यात गळ टाकून माणसं स्टुलांवर बसली होती. बायकोपासून लांब बसायला माणूस किती थंडी सोसू शकतो, ते तिथं दिसतं. मी सीटला धरून रामनाम घेत होते. प्रकाशराव म्हणाले, "आई एंजॉय करतायत!"

दीड महिन्यात सुनंदा कामावर परत गेली. नेहा शाळेत, प्रकाशराव ऑफिसात. दिवसा त्या अख्ख्या रस्त्यावर दोनच मोठी माणसं उरायची. एक बिनपगारी आजी आणि एक बेकार नट. पण दुसऱ्याचा पत्ता मला अजून लागला नव्हता.

तो लागला धुरीमुळं. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, ही आमची रीत. अमेरिकेत निखारे नाहीत. पण प्रकाशरावांच्या मागच्या अंगणात मांस भाजायची लोखंडी चूल आणि कोळशाची पिशवी होती. घरात कुणी अंडं खात नाही. शेजाऱ्यांकडे आहे म्हणून घेतलेली. ती पेटवायचा पहिला मान मला मिळाला. निखारे कढईत घेऊन घरात आले, वर ओवा टाकला, बाळाला जरा वरून फिरवलं, आणि छताला चिकटवलेली एक पांढरी बशी किंचाळायला लागली. ती बशी मी शोभेची समजत होते.

असा आवाज मी आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकला आहे, आमच्या कारखान्यात. बाळ रडत होतं, ते फक्त तोंडावरून कळत होतं. एवढ्यात मागचं दार ढकलून एक उंच, हाडकुळा, लाल कानांचा माणूस आत आला. अंगात भोकं पडलेला स्वेटर, पायात सपाता, सपातांवर बर्फ. तो ओरडला नाही. त्यानं माझ्याकडे बघून भुवया उचलल्या, हातांचा पाळणा केला: बाळ ठीक? मी मान हलवली. त्यानं बोटांनी ज्वाळा केल्या: आग? मी कढई दाखवली, चिमूट केली, नाकाला लावली: एवढंसंच, धूर. त्यानं खिडकीकडे बोट दाखवून हवेत फळी सरकवली: खिडकी उघड. मी उघडली. त्यानं लांब दांड्याच्या केरसुणीनं त्या बशीला एक रट्टा दिला.

आवाज थांबला आणि आम्ही दोघं मुकी झालो.

मग माझ्या डोक्यात आलं, की हा माणूस मागावाल्यासारखा बोलला. चारशे माग खडखडत असले की आम्ही असंच बोलतो, ओठांनी, भुवयांनी, बोटांनी. सासूची निंदा, भाजीचा भाव, कुणाला दिवस गेले, सगळं. बाहेरचा माणूस बघतो आणि त्याला वाटतं, या बायका वेड्या झाल्या आहेत. हा गोरा माणूस कुठल्या कारखान्यात शिकला?

दुपारी नेहा शाळेतून आल्यावर तिला घेऊन कढईभर शिरा द्यायला गेले. तो अलेक. मूळचा स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा. बायको बार्बरा दवाखान्यात नर्स. तिचं घर, तिची गाडी, तिचा पगार. अलेक नाटकात काम करतो, म्हणजे काम मिळालं तर करतो.

त्याचं इंग्रजी नेहालासुद्धा नीट कळत नव्हतं. "आजी, तो इंग्लिश बोलते, पण इंग्लिशसारखं नाही," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. या देशात आल्यापासून पहिल्यांदा कुणी तरी माझ्या पंगतीला बसलं होतं.

त्याची आई डंडीच्या तागाच्या गिरणीत मागावर होती. गिरणीतल्या आवाजानं तिचे कान गेले, आणि घरातही सगळे तोंडानं, हातांनीच बोलायचे. तो ताग यायचा आपल्या बंगालातून. म्हणजे आपला ताग सात समुद्र ओलांडून त्याच्या आईला बहिरी करून आला. मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

त्यानंतर दुपारचा चहा त्याच्याकडे ठरून गेला. तो चहा पातेल्यात उकळायचा, दूध घालून, काळाकुट्ट. बाकी अमेरिका कोमट पाण्यात कागदाची पुडी बुडवते आणि तिला चहा म्हणते. बाळ माझ्या मांडीवर, नेहा मधे दुभाषी. तिच्या मराठीला इस्त्री करून अलेकचं बोलणं इथं लिहिते. इस्त्री लागतेच. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "आजी, अलेक म्हणते की तो दोन वर्षं मेला होता."

खुनाच्या एका नाटकात तो प्रेत होता. नाटक लंडनमध्ये दोन वर्षं चाललं. पडदा उघडायचा तेव्हा तो गालिच्यावर पालथा. "प्रेताचं काम सगळ्यात अवघड," अलेक म्हणाला. "श्वास कधी घ्यायचा? लोक खोकतात तेव्हा. खोकणं ऐकत ऐकत मी शहाणा झालो. नट खोटं बोलायला लागला की लोकांच्या घशात खवखवतं. खरं बोलला की अख्ख्या थिएटरात कुणी खोकत नाही. पेपरवाल्यांचं परीक्षण नंतर येतं, घशाचं आधी."

त्याचे वडील जहाजाच्या कारखान्यात रिबिटं ठोकायचे. हाही तिथंच लागला होता. गावात नाटक कंपनी आली, पडदे उचलायला माणूस कमी पडला, हा गेला आणि परत आलाच नाही. मग नटांच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. "तिथं त्यांनी माझी जीभ काढली आणि साहेबाची बसवली. सुट्टीत घरी गेलो, आईला म्हटलं, मीठ दे. आईनं माझे ओठ वाचले आणि पाठीमागं बघितलं, कोण पाहुणा आलाय म्हणून."

"मग?" मी भुवयांनी विचारलं.

"मग काय! साहेबाची जीभ घेऊन साहेबाच्या नाटकात गेलो, तर त्यांनी माझे कान आणि हात बघितले आणि नोकर केलं. मोठमोठ्या नटांसाठी मी दारं उघडली आहेत. दारं उघडून उघडून हा खांदा उतरलाय. पण एक सांगतो, आजी," तो नेहाचं ऐकून मला आजी म्हणायचा, "तबक घेऊन येणाऱ्या नोकरालाही त्याचा स्वतःचा दिवस असतो. त्याचे पाय दुखतात. त्याला घरी जायचं असतं. तेवढं मनात ठेवून तबक आण. बाकी काही करू नको. लोक राजाला सोडून तुझ्याकडे बघतात, आणि राजा चिडतो."

"आणि तू?"

"मला काढून टाकतात."

आमच्या घरी त्याच्याबद्दल फार आदर होता असं नाही. "आई, तो बायकोच्या जिवावर बसून खातो," सुनंदा म्हणाली. प्रकाशराव म्हणाले, "ॲक्टर आहे म्हणे. टीव्हीवर तर कधी दिसला नाही, यार." टीव्हीवर न दिसलेल्या माणसाचं असणं तिकडं पक्कं धरत नाहीत.

संक्रांतीला मराठी मंडळींचं पॉटलक होतं (म्हणजे बोलावणाऱ्यानं घर द्यायचं आणि जेवण पाहुण्यांनी आणायचं). पुणे, नागपूर, मुंबई, सगळीकडची माणसं. बायका मला बघून म्हणाल्या, "मावशी, किती लकी तुम्ही! लेकीकडे आराम!" मी त्या दिवशी दोन पातेली भात, कढी आणि सगळ्यांच्या गुळाच्या पोळ्या करून आले होते. कुणी तरी विचारलं, "मावशी तिकडं काय करतात?" सुनंदा चटकन म्हणाली, "आई रिटायर्ड आहे." हे मला नवीन होतं.

तेवढ्यात प्रकाशरावांनी तिळगुळाची वाटी उचलली आणि सगळ्यांना सांगितलं, "आनंदाची बातमी! आईंसाठी एक्स्टेन्शन (इथं राहायची मुदत वाढवणं) अप्लाय करतोय. अजून सहा महिने. तिकीट कॅन्सल केलं की झालं. आई, नो प्रॉब्लेम ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एका बाईनं टाळी वाजवली. मी मान हलवली.

गाडीत सुनंदा मागं वळून म्हणाली, "बरं झालं ना, आई? तिथं काय ठेवलंय तुझं आता?" लेक प्रेमानंच बोलली, हे मला कळत होतं. प्रेमानं बोललेलं जास्त लागतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला माझी खिडकी दिसत होती, तिच्याखाली मशीन, आणि मशीनवर बसलेली दुसरी बाई.

दुसऱ्या दिवशी अलेकनं चहा पुढं ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघून नुसत्या भुवया उचलल्या. मी हातांनी सांगितलं, विमान, फुली, आणि सहा बोटं. मशीनवर बसून कांडी भरून दाखवली, मग मला कुणी तरी धरून उठवलं ते दाखवलं. नेहाची गरजच पडली नाही. ती मात्र रडवेली झाली. "आजी, यू वॉन्ट टू गो?"

अलेक म्हणाला, "मग तसं सांग."

"कसं सांगणार? जावई आहेत."

"तालीम करू."

तो उठला, आरामखुर्चीत पाय लांब करून बसला, पेपर तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "नो प्रॉब्लेम, आई!" तोच घसा, तीच ढब. कुंपणावरून ऐकून ऐकून त्यानं प्रकाशराव उचलले होते. नेहा हसून हसून गालिच्यावर लोळली.

मी उभी राहिले. पदर खोचला, तळवे पदराला पुसले, आणि सुरू केलं, "म्हणजे मी काय म्हणत होते, तुम्हाला अडचण होणार नसेल तर, म्हणजे सुनंदाची पण ओढाताण होते, ते खरंच आहे, पण बघा जमलं तर, आणि नाही तर मग राहू दे."

अलेकनं पेपर खाली घेतला. "पडदा पाडा," तो म्हणाला.

मग त्यानं मला जे सांगितलं, ते त्याच्या मते त्या महागड्या शाळेत कुणी शिकवत नाही. "नाही हा शब्द लोक नीट म्हणतात. मग घाबरतात आणि त्याच्यामागं कारणं जोडतात. कारण दिलं की समोरचा ते कारण सोडवायला बसतो. वाक्य म्हण आणि थांब. नंतरची शांतता तुझी नाही, त्याची आहे. ती त्याला उचलू दे. तू गप्प राहिलीस की तुझं पुढचं वाक्य त्यालाच म्हणावं लागतं."

"आणि भीती वाटली तर?"

"वाटणारच. भीती पायात ठेव. आणि हातांना काम दे. हात रिकामे असले की माफी मागायला लागतात."

रोज तालीम झाली. मी रोज तिसऱ्या शब्दाला माफी मागितली. अलेक रोज पडदा पाडायचा. नेहा म्हणाली, "आजी, यू आर सो बॅड ॲट धिस." घरात कुणाला काही सांगायचं नाही, हे मात्र तिनं आपण होऊन ठरवलं.

त्याच सुमाराला अलेकला मिनियापोलिसच्या एका नाटकात काम लागलं. म्हातारा नोकर. तिसऱ्या अंकापर्यंत दिवे लावायचे, राखेची बादली न्यायची. तिसऱ्या अंकात मालक सांगतो, दार उघडून त्या मुलीला बाहेर काढ, आणि नोकर एकदाच "नाही" म्हणतो. आयुष्यभर दारं उघडणाऱ्या माणसाला दार न उघडण्याचं काम मिळालं होतं. त्यानं आम्हाला फुकट पास दिले. फुकट म्हटल्यावर प्रकाशराव म्हणाले, "कल्चरल एक्स्पोजर होईल."

रविवारी दुपारचा खेळ होता. सुनंदा बाळापाशी घरी राहिली. पहिल्या अंकात लोक खोकत होते. मोठा नट फार मोठ्यानं दुःखी होता, त्यामुळे बराच खोकला झाला. दुसऱ्या अंकात प्रकाशराव झोपले. तिसऱ्यात मालकानं हुकूम सोडला. अलेक दाराजवळ उभा राहिला. डाव्या खांद्यावर काही नव्हतं, तरी तिथलं काही तरी त्यानं कमरेशी खोचलं. मग दोन्ही तळवे बंडीला पुसले, आधी उजवा, मग डावा. खाली बघितलं.

ती मी होते. कारखान्यात मालकांनी हाक मारली की मी अशीच उभी राहते. माझा पदर, माझे तळवे, माझी खाली गेलेली मान, सगळं त्यानं मला न विचारता नेलं होतं आणि शेकडो परक्यांसमोर मांडलं होतं. शरमेनं मला खुर्चीखाली जावंसं वाटलं.

मग अलेकनं मान वर केली आणि म्हणाला, "नो." आणि थांबला.

त्या एवढ्या मोठ्या थिएटरात कुणी खोकलं नाही. प्रकाशरावसुद्धा जागे झाले. शांततेनं.

दुसऱ्या दिवशी मी चहाला गेले नाही. तो स्वतः आला, मागच्या दारी, सपातांवर बर्फ घेऊन. नेहा अजून शाळेतून आली नव्हती. मी तळवे पुसून दाखवले आणि त्याच्याकडे बोट केलं: चोर. त्यानं मान्य केलं, छातीवर हात ठेवून. मग संध्याकाळी नेहाकडून सांगितलं, "नट चोरच असतो. आईचे हात तर मी आयुष्यभर विकत आलोय. ती एकदाच माझं नाटक बघायला आली. बाहेर आल्यावर म्हणाली, तू बोलत नव्हतास तेव्हा बरा होतास. तेवढं एक परीक्षण मी जपून ठेवलंय." आणि पुढं म्हणाला, "मी तुझं घेतलं, आता तू माझं घे. मान वर करायची, ती तू अजून करत नाहीस."

त्या आठवड्यात सुनंदानं जेवताना विषय काढला. मी टेबलाच्या कडेला बाळाच्या लंगोटांची रास घेऊन बसले होते. तिकडं लंगोट कागदाचे मिळतात, पण मी असेपर्यंत कापडाचे होते. धुणारी फुकट होती. प्रकाशराव म्हणाले, "आई, उद्या ट्रॅव्हल एजंटला फोन करून तिकीट कॅन्सल करतो. नो प्रॉब्लेम."

मी एक लंगोट उचलला. घडी घातली. पाय टेबलाखाली लटलटत होते, तिथं कुणाला दिसत नव्हते. मी मान वर केली आणि जन्मात पहिल्यांदा जावयाच्या डोळ्यांत बघितलं.

"मी ठरल्या तारखेला जाणार आहे."

आणि मी तोंड मिटलं.

किती वेळ गेला, देव जाणे. फ्रीज घरघरत होता. मी दुसरा लंगोट घेतला. समोर नेहा दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती.

"पण, आई," प्रकाशराव म्हणाले, "थंडीचा त्रास होतोय का? हीटिंग वाढवू. नो प्रॉब्लेम."

मी घडी घातली.

"मग कुणी काही बोललं का? पॉटलकला?"

मी तिसरा लंगोट घेतला. सगळी माफी माझ्या घशाशी येऊन बसली होती. पण कुणी खोकलं नाही.

"आई, अगं, काही तरी बोल ना," सुनंदाचा आवाज चढला. "बाळाला कुठं ठेवू मी? तिथं काय आहे तुझं? कोण आहे? ते..." ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "ते मशीनच ना? खिडकीतलं?"

मी लंगोट खाली ठेवला.

"शाळेतून आले की मी त्याच्याखाली बसून गृहपाठ करायची," ती नवऱ्याला म्हणाली, माझ्याकडे न बघता. "सुताचे तंतू उडायचे. माझ्या सगळ्या वह्यांवर." आणि रडायला लागली. तिला रिटायर्ड आई जड झाली असावी. मी उठून तिच्या पाठीवर हात फिरवला. वाक्य मात्र परत घेतलं नाही.

प्रकाशरावांनी तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. त्यांना काही तरी म्हणायचं होतं आणि त्यांच्याकडे एकच वाक्य होतं. "नो प्रॉब्लेम," ते म्हणाले. या वेळी ते खरं असावं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी रस्त्यापलीकडच्या एका पोलिश बाईंना बाळासाठी ठरवलं. सहा महिने जिच्यावाचून घर अडणार होतं, ती मी आठ दिवसांत सुटले. याचंही थोडं वाईट वाटलंच.

निघायच्या आधी अलेकला सांगायला गेले. तो जरा खाली मान घालून बसला होता. कॅलिफोर्नियाहून फोन आला होता. डबाबंद सुपाची जाहिरात. चौकडीचा घागरा घालून स्कॉटलंडचा आजोबा व्हायचं, चमचा तोंडात घालायचा आणि डोळे मिटायचे. तो नाही म्हणणार होता. आधी त्यानं नाही म्हटलंही. मग पलीकडचा माणूस गप्प बसला.

"आणि?" मी भुवया उचलल्या.

"मग मी कारणं दिली," अलेक म्हणाला. "बराच वेळ दिली. मंगळवारी शूटिंग आहे."

आम्ही दोघं इतकं हसलो की बार्बरा आतून बघायला आली. नेहाला या खेपेला काही भाषांतर करावं लागलं नाही. निघताना त्यानं हात पुढं केला. परक्या पुरुषाचा हात मी कधी धरला नव्हता. तळवे पदराला पुसले आणि धरला. त्यानंही त्याचे पुसले होते, आधी उजवा, मग डावा. आता ते कुणाचं म्हणायचं?

विमानतळावर नेहा न सांगता वाकली. मग वर बघून म्हणाली, "आजी, आवाज नको." आणि ओठांनी, हातांनी काही तरी सांगितलं. ते इथं लिहिणार नाही.

पाडव्याच्या आधी मी इचलकरंजीत पोचले. गल्लीला फोटो पाहिजे होते. माझ्याकडे दोन मॉल आणि एक गोठलेलं तळं होतं. गल्लीनं ते आदरानं बघितलं. कारखान्यात गेले तर माझ्या मशीनवर मालकांनी तात्पुरती बसवलेली एक बाई होती. ती उठली, मी बसले. पलीकडून हौसाबाईनं खडखडाटात ओठांनी विचारलं, काय बघितलंस तिथं? मी छताकडे बोट केलं, कान झाकले, कढई फिरवली, केरसुणी मारली. हौसाबाई मागाला धरून हसली. अमेरिकेचं एवढं वर्णन पुरे झालं.

मला वाटायचं, लांब जाऊन आलेली माणसं काही तरी मोठं घेऊन येतात. मी एक वाक्य घेऊन आले, तेही एका चोराकडून, ज्याला ते स्वतःला कधी नीट जमलं नाही.

पाडव्यानंतर मालक मशीनपाशी आले. "मावशी, आता परदेशात आराम करून आलात. संध्याकाळच्या पाळीलाही बसत जा."

मी हातातली कांडी सोडली नाही. मान वर केली. "नाही," म्हटलं.

मालक पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले. मी मशीन सुरू केलं.